दलदलीतला खोकला

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मलाच बरं वाटलं असतं.

क्लेम टॅरंट माझा शेजारी. ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या किनाऱ्याला, वाळूच्या टेकड्यांमागे जी खारी दलदल पसरलीय, तिच्या काठावर त्याच्या गाई चरतात. तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. ईस्टर नुकताच होऊन गेला होता. दिवस मावळतानाची वेळ.

एप्रिल म्हणजे आमच्याकडे हरणांचा महिना. वर्षात तेवढाच महिना शिकारीला मोकळा. ही हरणं मूळची इथली नाहीत. फार पूर्वी जहाजांतून आणून सोडलेली, थेट आपल्या देशाच्या बाजूची. बुटकी, भरीव अंगाची, डुकरासारखी मान खाली घालून झुडपात घुसणारी. कान असे तिखट, की माणसाने आवंढा गिळला तरी पसार होतात.

आणि क्लेम शिकारीला कुणाला घेऊन जायचा? तर ग्लेनिसला.

ग्लेनिस त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरच्या घरी परतली ती कायमचीच. तिची नजर घारीसारखी होती. क्लेमला झुडूप दिसायचं तिथे तिला हरणाचा कान दिसायचा. फक्त एक खोट होती. तिला जुनाट खोकला होता. कोरडा, दोनदा लागोपाठ, मग थोडं थांबून तिसऱ्यांदा. क्लेमने नेम धरला की नेमका तो यायचा.

"तुझ्या खोकल्याने या दलदलीतली अर्धी हरणं म्हातारी होऊन मेली," तो म्हणायचा.

"मग काय झालं? तुझ्या नेमाने तरी कुठली मरणार होती?" ती म्हणायची.

एवढं भांडून पुढच्या संध्याकाळी दोघं पुन्हा तिथेच.

आदल्या हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या ऑगस्टमध्ये, ग्लेनिस गेली. छातीत पाणी झालं होतं. शेवटचे काही दिवस हॉस्पिटलमध्ये तिचा खोकला एकदम थांबला. क्लेमला वाटलं, उतार पडला. त्या संध्याकाळी ग्लेनिसच त्याला म्हणाली, "जा घरी. गाईंकडे कोण बघणार?" तो गेला. सकाळी फोन आला.

क्लेम रडला नाही. पण घरात रेडिओ दिवसभर चालू ठेवायला लागला.

एप्रिल आला तेव्हा विमने त्याला घराबाहेर काढलं. विम म्हणजे दलदलीच्या पलीकडच्या काठावर राहणारा डच गडी. बोलायला रोखठोक, मनाने मऊ.

"फ्रीज रिकामा, डोकं रिकामं. ऊठ. आज आपण दोघं जाऊ."

दोघं गेले. टी-ट्रीच्या झुडपांच्या कडेला क्लेम एका ओंडक्यावर बसला. विम बराच लांब, वाळूच्या उंचवट्यावर. वारा पडला होता. पाणी काचेसारखं.

अंधारायला लागलं तशी एक मादी बाहेर आली.

क्लेमने बंदूक खांद्याला लावली. श्वास रोखला. आणि...

खोकला.

कोरडा. दोनदा. मग थोडं थांबून तिसऱ्यांदा.

मादी उडी मारून गायब.

"तोंड दाबता येत नाही का तुला?" क्लेम सवयीने पुटपुटला. आणि वळून बघितलं.

शेजारी कुणीच नव्हतं.

दोघं गाडीपाशी परत आले. विमच बोलला.

"तुझा खोकला अगदी तुझ्या बहिणीसारखा झालाय. डॉक्टरला दाखव बाबा."

"मी खोकलो नाही, विम."

विमने गाडीची किल्ली हातात धरली ती धरलीच.

दुसऱ्या दिवशी क्लेम एकटाच गेला. बंदूक नेली होती, पण ती भरलीच नव्हती, असं त्याने मला नंतर सांगितलं.

त्याच ओंडक्यावर बसला. सूर्य टेकड्यांमागे गेला. बेडूक ओरडत होते.

मग बेडूक थांबले.

एकदम... सगळे.

झुडपांतून एक नर बाहेर आला. शिंगं चांगली हातभर. असा नर क्लेमने त्या दलदलीत कधी बघितला नव्हता.

आणि पाण्यापलीकडच्या टी-ट्रीमधून आवाज आला...

दोनदा. मग तिसऱ्यांदा.

हरीण पळालं नाही.

त्याने मान वळवली. खोकला आला त्या दिशेने बघितलं. मग संथपणे, पाणी तुडवत तिकडे चालत गेलं. झुडपाशी पोचून मान खाली घातली. कुणीतरी बसलेलं असावं आणि त्याच्या मांडीपाशी तोंड न्यावं, तशी.

"ग्लेनिस?" क्लेम म्हणाला.

फक्त खोकला. पण आता तो जुना राहिला नव्हता. खोल होता, दमलेला. तिच्या आजारपणातला.

"अगं, थंडीत कशाला बसलीस? थांब, मी येतो."

तो पाण्यात उतरला. चिखल घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. हरीण केव्हा नाहीसं झालं ते त्याला कळलं नाही. तो झुडपापाशी पोचला. तिथे कुणी नव्हतं. गवत दबलेलं नव्हतं. खोकला आता पुढच्या झुडपातून येत होता.

तो पुढे गेला. खोकला आणखी पुढे.

पाणी मांडीपर्यंत आलं. मग कमरेपर्यंत.

क्लेमची गाडी अंधार पडल्यावरही रस्त्याकडेला तशीच उभी दिसली, म्हणून विम बॅटरी घेऊन निघाला. त्याला क्लेम सापडला तो छातीभर पाण्यात. बंदूक गेलेली. ओठ निळे. एका जागी उभा राहून ऐकत होता.

विमने त्याचा दंड धरला.

"चल घरी."

"ती तिथे आहे. थंडीत बसलीय."

"चल, क्लेम."

"तुला ऐकू येत नाही म्हणून तू असं बोलतोस."

काळ्या पाण्यावरून तो आवाज पुन्हा आला. दोनदा... मग तिसऱ्यांदा.

"येतंय ऐकू," विम म्हणाला. "तरीही चल."

"तिला परत एकटीला सोडून?"

विमने दंड सोडला नाही. ओढत, ढकलत, शेवटी जवळजवळ उचलून त्याने क्लेमला काठावर आणलं. गाडीत बसवलं, अंगावर घोंगडं टाकलं. तेव्हा कुठे क्लेम रडला. आठ महिन्यांनी, विमच्या खांद्यावर डोकं ठेवून.

मागे दलदलीत खोकला चालूच होता. विमने इंजिन सुरू केलं, तेव्हा ऐकू यायचा बंद झाला.

त्यानंतर क्लेमने शिकार सोडली. पण दर एप्रिलला संध्याकाळी तो त्या ओंडक्यावर जाऊन बसतो. रिकाम्या हाताने. पूर्ण अंधार होईपर्यंत.

त्याला पुन्हा कधीच काही ऐकू आलं नाही.

"रागावली असेल," तो मला म्हणाला. "उठून गेलो ना मी."

मी म्हटलं, तसं नसतं रे. ती शांत झाली असेल. तो हसला, मला बरं वाटावं म्हणून.

मागच्या महिन्यात विम माझ्याकडे आला होता. कॉफी तशीच थंड झाली. कप बाजूला सारून म्हणाला, वारा पडलेला असला की तो पाण्याकडची खिडकी लावून घेतो. तीन वर्षं. एप्रिलच नव्हे, कुठल्याही महिन्यात.

"अजून येतो," तो म्हणाला. "आता फार बारीक झालाय. पण येतो."

मग त्याने मला विचारलं, क्लेमला सांगू का?

सांगितलं, तर तो पुन्हा पाण्यात उतरेल. नाही सांगितलं, तर ती तिथे...

मी अजून विमला उत्तर दिलेलं नाही.