बगळ्यांची वरात

इंदूरच्या पलासियातल्या माझ्या ऑफिसात जो येतो, तो आधी त्या फोटोसमोर थांबतो. गडद हिरवी भिंत, आणि तिच्यावर लाल कोट घालून बिगुल फुंकणारे, ढोल बडवणारे, माना ताठ करून चाललेले बगळे. लग्नाच्या बॅण्डसारखे. लोक विचारतात, "मॅडमजी, ये कहां का है?" मी म्हणते, महूचं. त्यापुढे काही सांगत नाही. पण तुम्ही बगळ्यांमधल्या त्या माणसाबद्दल विचारलंत. चहा येईपर्यंत बसा, सांगते.

वॉलपेपरची डिझाइन्स मी स्वतः हाताने काढते आणि मग छापून घेते. आपल्या इंदूरमध्ये भिंत म्हटली की लोकांना क्रीम रंग सुचतो, फार झालं तर त्याहून फिकट क्रीम. माझ्या बगळ्यांवर मात्र माझा फार जीव होता. प्रत्येक पिसाची रेघ मी ओढली होती, आणि ती चांगली ओढली होती, हे मला ठाऊक होतं. घ्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. "घरात सासूबाई आहेत हो," असं म्हणून लोक पान उलटायचे.

एका मे महिन्यात महूहून चारुलताताईंचा फोन आला. त्यांचे यजमान तिथल्या मिलिटरीच्या शाळेत शिकवायचे. ते गेल्यापासून छावणीजवळच्या बैठ्या बंगल्यात त्या एकट्याच राहत होत्या. "मला अशी भिंत पाहिजे," त्या म्हणाल्या, "की माणूस दारातच थबकला पाहिजे. क्रीमबीम दाखवशील तर आल्या पावली परत पाठवीन. मी काय दवाखाना उघडून राहिली आहे?"

मला बाई तिथेच आवडली.

माप घ्यायला गेले तेव्हा दुपार तापली होती. बाहेर लू वाहत होती. आतल्या बैठकीत पडदे ओढलेले, कुलर घरघरत होता. खोलीच्या चार भिंतींपैकी तीन चांगल्या होत्या. चौथीवर एक डाग होता. ओल धरल्यावर रंगाला फोड येतात, तसा. खालून निमुळता, वर रुंद, आणि त्याच्याही वर एक गोल. मी मापाची टेप उघडली आणि तशीच धरून राहिले.

"माणसासारखा दिसतो ना?" चारुलताताई शांतपणे म्हणाल्या. "इंजिनियरने मशीन लावून बघितलं. म्हणाला, भिंत कोरडी ठक्क आहे. किती वेळा रंगवली बाई मी. दर वेळी रंग तेवढ्याच जागचा उतरतो."

"कधीपासून आहे?"

"मी लग्न होऊन आले तेव्हाही होता. मी त्याच्यासाठी खोली सोडली नाही आणि त्यानं माझ्यासाठी." त्यांनी पदर नीट केला. "पण आता श्रीहरी मागे लागलाय. माझा मुलगा, पुण्याला असतो. घर सडतंय म्हणतो, विकू या. मी त्याला शब्द दिलाय, या वेळी भिंत टिकली नाही तर विक. दिलेला शब्द मी मोडत नाही."

मी बगळे दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग चष्मा काढला.

"हे तू काढलेस? छापातून नाही?"

"मी काढले."

"मग हेच लाव."

घरी येताना वाटेतल्या राऊपर्यंत मी गाडीत एकटीच हसत होते.

माझे कारागीर तुकोजी यांनी भिंत घासली, प्रायमर मारला, सुकू दिला, आणि मग एकेक पट्टा चढवला. सांधा कुठे आहे हे मलासुद्धा शोधावं लागत होतं. ती भिंत पूर्ण झाली तेव्हा खोलीच बदलली. हिरव्या अंधारातून ती सगळी वरात तुमच्याकडे चालत येते आहे असं वाटायचं. शेजारच्या बायका बघून गेल्या. एक रिटायर्ड कर्नलसाहेब आले आणि भिंतीला सलाम ठोकून गेले. चारुलताताई प्रत्येकाला माझं नाव सांगत होत्या. इतक्या वर्षांत एवढं ताठ मानेनं मी कधी उभी राहिले नव्हते.

श्रीहरी यायचा होता त्या दुपारी ताईंचा फोन आला. आवाज हळू होता.

"वल्लरी... तुकोजींना घेऊन ये. भिंतीवर फुगा आलाय."

वॉलपेपरखाली हवा राहिली तर फुगा येतोच, त्यात नवल नाही. आम्ही पोचलो तेव्हा लाइट गेलेली होती. कुलर बंद. पडद्यांच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. फुगा तळहाताएवढा होता, बरोबर जिथे डागाची छाती होती तिथे.

तुकोजींनी ब्रशने तो कडेकडे सारला. तो सरकला, आणि ब्रश उचलताच जागेवर परत आला. पुन्हा सारला. पुन्हा आला. तुकोजींनी कपाळाचा घाम पुसला.

"मॅडमजी, हा... हा हालतोय."

मी जवळ गेले. फुगा हळूच वर येत होता आणि हळूच खाली बसत होता. झोपलेल्या माणसाचं पोट हलतं ना, तसा. तुकोजींनी पिशवीतून सुई काढली आणि टोचली.

बारीक आवाज झाला. आतून हवा आली, ती माझ्या गालावर लागली. ओलीची नव्हती, गोंदाची नव्हती. कोमट होती, आणि तिला बडीशेपेचा वास होता. जेवून उठलेल्या माणसानं अगदी जवळ येऊन श्वास सोडावा, तसा.

तुकोजी सुई तिथेच टाकून अंगणात गेले. "मी बाहेर थांबतो," एवढंच म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही.

मग भिंत फुगायला लागली. आधी खांदे आले. मग छाती. मग डोकं. कागद फाटत नव्हता, ताणत होता, आणि त्याच्यावरचे माझे बगळे त्या आकारावर ताणले जात होते. एकाची मान वाकडी झाली. एकाचा बिगुल दुमडला. कागद करकरत होता. बाकी घरात काही आवाज नव्हता.

"ताई..."

"मी इथेच आहे," चारुलताताई माझ्या मागून म्हणाल्या. "पण असा पुढे तो कधी आला नव्हता गं..."

भीती वाटली का, असं विचाराल. वाटली, खोटं कशाला सांगू. पण माझ्या बगळ्यांच्या अंगावर सुरकुत्या पडत होत्या हो! जे मी रात्रंदिवस खपून काढलं, ते कुणीतरी आतून चुरगाळत होतं. मला राग आला. असा राग, की भीती मागे पडली.

सांधे रंगवायला मी रंग बरोबर नेते. डबी उघडली, लाल रंग घेतला आणि त्या आकाराच्या समोर उभी राहिले.

"उभं राहायचंय ना तुम्हाला?" मी म्हणाले. आवाज फाटत होता. "मग वरातीत उभे राहा. नीट कपडे घालून."

आणि मी त्याच्या अंगावर कोट रंगवायला लागले. खांद्यापासून. ब्रशखाली कागद गरम होता आणि वरखाली होत होता. छातीवर आले तेव्हा तो श्वास क्षणभर थांबला. मीही थांबले. मग पुन्हा सुरू झाला, पण आता सावकाश. बाह्या काढल्या. गळाबंद कॉलर काढली. डोक्यावर बॅण्डमास्टरची टोपी दिली, पुढे ओढलेली, आणि खालचा चेहरा हिरवाच ठेवला. तिथे काय काढायचं ते मला माहीत नव्हतं, आणि अंदाजाने काढायची माझी हिंमत नव्हती. हातात सोनेरी छडी दिली.

छडी पूर्ण होता होता करकर थांबली. कागद सपाट झाला. एकेक बगळा सरळ झाला. तुम्हाला सांगते, माझ्या आयुष्यात मी काढलेलं ते सगळ्यात चांगलं चित्र आहे. त्याला उभं राहायला भिंत कधी कमी पडली नव्हती. जागा कुणी दिली नव्हती.

लाइट आली. कुलर सुरू झाला.

"चहा ठेवते," चारुलताताई म्हणाल्या, आणि जाताना भिंतीकडे वळून हलकेच मान झुकवली. घरात पाहुणा बसलेला असताना झुकवतात तशी.

श्रीहरी संध्याकाळी आला, बॅग हातात घेऊन दारातच थबकला. मग भिंतीजवळ गेला. ठोकून पाहिलं, तळहात फिरवला, नाक लावून ओलीचा वास घेतला. आम्ही दोघी त्याच्या मागे उभ्या होतो.

"आई," तो शेवटी म्हणाला, "हे काय करून ठेवलंस! काय जबरदस्त आहे हे..." मग टोपीकडे बघून, "आणि हे कोण?"

"बॅण्डमास्टर," त्या म्हणाल्या. "सगळी वरात तोच चालवतो."

घर विकायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. फोटो फिरले, कामं येऊ लागली. आज भोपाळहून लोक माझ्याकडे येतात. त्या भिंतीचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी महूला गेले होते, सहज, आंब्यांची पेटी द्यायला. दुपार तशीच कडक. चारुलताताईंनी सरबत दिलं आणि म्हणाल्या, "जरा भिंत बघ."

कोटाचं वरचं बटण उघडं होतं.

मी तो कोट गळ्यापर्यंत बंद रंगवला होता. बोट लावून पाहिलं. रंग सुका, कुठे खरवडलेला नाही, आणि ब्रशची ओढ माझीच. शंभर जणांत मी माझी ओढ ओळखेन.

"उकडत असेल त्याला," ताई हसून म्हणाल्या. "चार दिवस झाले. मी म्हटलं, राहू दे."

मीही हसले. मग खाली वाकले, कारण उघड्या कॉलरच्या आत काहीतरी होतं. सावळ्या गळ्याचा एक तुकडा. त्याच्यावर काळा दोरा. आणि दोऱ्यात ओवलेली एक लहान चावी, दातेरी, इतकी नीट काढलेली की तिच्यावरचा गंजसुद्धा दिसत होता.

"ताई, ही चावी कशाची?"

त्या चष्मा लावून पुढे आल्या. वाकल्या. चावी त्यांच्या ओळखीची होती, ते चेहऱ्यावरच दिसलं. आणि मग सगळी वर्षं त्या खोलीत पाय रोवून राहिलेल्या त्या बाईंना मी पहिल्यांदा मागे सरताना पाहिलं. हातातला सरबताचा पेला त्यांनी टेबलावर ठेवला, तो कडेलाच टेकला.

"ती..." त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "ती तू काढलीस ना, वल्लरी?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हो म्हण," त्या कुजबुजल्या. "मोठ्यानं म्हण. त्याला ऐकू जाईल असं."