हाडामागची खोबण

जिन्यात टक्कर झाली. त्याच्या हातातलं प्लॅस्टरचं धड वाचलं, पण त्यातलं मूत्राशय घरंगळत थेट तिच्या पायाशी आलं.

"तुमचं… मूत्राशय पडलं," ती म्हणाली, आणि दोघंही लाजून लाल!

ती नर्सिंग कॉलेजात शरीररचना शिकवायची, तो तिथली मॉडेलं बनवायचा. वर्गात नेऊन तिने तपासलं, तर मूत्राशयाची जागा चक्क बेंबीपाशी.

"अहो, ते ओटीपोटात असतं. पुढच्या हाडामागे, गर्भाशयाच्या पुढे."

"भरलेलं असेल हो, मॅडम…"

"इतकं?"

तो हसला. गालाला खळी पडली, आणि नेमकी तीच तिला खटकली.

पुढच्या आठवड्यात दुरुस्त करून आणलं, ते गर्भाशयाच्या मागे. तिसऱ्यांदा पुन्हा बेंबीपाशी! मूत्रवाहिन्या एवढ्या रेखीव काढणारा माणूस जागा चुकतो? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"दोनदा चुकला तर वेंधळा," घरी तिची ताई म्हणाली. "तिसऱ्यांदा चुकला तर डांबिस. लिहून ठेव."

त्यात प्राचार्यांनी दोघांनाही बजावलं, की आता चूक निघाली तर काम दुसऱ्याला. आली का पंचाईत! त्याचं पोटपाणी तिच्या एका सहीवर.

चौथ्यांदा आला, तरी मूत्राशय वरच. पण हाडामागचा रंग तिला जरा जास्तच ताजा वाटला. तिने केसांतली पिन काढून खरवडलं. आत मेण, मेणाखाली खोबण… अगदी योग्य जागी.

"म्हणजे ठाऊक होतं!" तिचा आवाज चढला. "थट्टा चालवलीत माझी?"

"पहिल्यांदा खरंच चुकलो," तो पुटपुटला. "मग… नीट दिलं असतं, तर पुन्हा कशाला बोलावलं असतंत?"

"अहो, काम गेलं असतं ना!"

"माहीत होतं. पण ते रिकामं असलं की हाडामागे दडून बसतं, भरलं की वर येतंच… माझ्या मनाचं तसंच झालंय."

"लोक अशा वेळी हृदयाचं बोलतात!"

"हृदय दुसरा कारागीर करतो. मला हेच येतं."

तिला हसू आवरेना. मेण उकरून तिने मूत्राशय खोबणीत बसवलं आणि कागदावर सही ठोकली. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे आता… यायचं नाही?"

"उद्या पाचला. फाटकापाशी, रिकाम्या हातांनी." कागद देताना तिची बोटं त्याच्या बोटांवर जराशी रेंगाळली. "आणि हे बघा, उद्या जागा चुकलात ना… तर सबब ऐकणार नाही!"