जर्मन स्टोव्हच्या पोटात

माणकचंदशेठनी शेवटी भर खानावळीत पुष्पाबाईंची माफी मागितली.

छे! असं काही झालंच नाही. अडुसष्ट सालच्या उन्हाळी सुट्टीतल्या त्या सकाळी शेठ उलट पुष्पाबाईंवरच ओरडत होते. धुळ्यातल्या देवपूरच्या खानावळीत स्वयंपाक करताना पुष्पाबाईंचा नवा स्टोव्ह भडकला होता. पितळी टाकी फाटली होती आणि त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता.

"जर्मन मालात खोट नसते, बाई! तुम्हीच जास्त पंप मारला!" स्टोव्ह विकणारे शेठ म्हणाले.

"खानावळ जाळून घेऊ काय?" मालक बन्सीलालभाऊ म्हणाले. "उद्यापासून दुसरी बाई बघतो!"

पुष्पाबाईंचा मुलगा कौतिक फाटकी टाकी घेऊन बाहेर आला. बाहेर त्याचे दोस्त उभे होते, ज्ञानचंद आणि त्याची बहीण लाडकुंवर. दोघं माणकचंदशेठचीच पुतणी-पुतण्या. त्यामुळे कौतिककडे कसं बघावं ते त्यांना कळेना. म्हणून दोघं टाकीत बघू लागली.

"आत काहीतरी लिहिलंय!" ज्ञानचंद ओरडला.

भांड्यांवर नाव घालतात तशी ठिपक्यांची अक्षरं होती. लाडकुंवरनं वाचलं, "कै. तानुबाई यांच्या स्मरणार्थ."

"जर्मनीत तानुबाई?" कौतिकनं विचारलं.

"जर्मनीतही माणसं मरतातच की!" ज्ञानचंद गंभीरपणे म्हणाला.

"मराठीत?" लाडकुंवर म्हणाली.

कौतिक हसला. मग आईचा हात आठवून त्यानं टाकी काखेत मारली.

"काकासांच्या दुकानात मोडीत आलेली भांडी त्या तांबट उखर्डूनानांच्या शेडमध्ये जातात," लाडकुंवर म्हणाली. "चला!"

पांझरा नदीकाठच्या शेडमध्ये नाना जुन्या घागरी कापत बसले होते.

"नाना, जर्मनी कुठंय?" ज्ञानचंदनं विचारलं.

"मांगली खोलीमा शे!" नाना अभिमानानं म्हणाले. "बठ्ठा माल तठेच बनस!"

मागच्या खोलीत, म्हणजे जर्मनीत, एक शेळी बांधलेली होती. वर खिळ्याला 'मेड इन जर्मनी'चा ठसा टांगला होता.

लाडकुंवरनं कापलेला पत्रा उचलला, तर तो दोन बोटांत वाकला! चिंच-राखेनं वर्षानुवर्षं घासलेली घागर. तिचा पत्रा उरणार तो किती?

"नाना, यात हवा भरली तर फाटेल की!"

"मी शेठले सांगेल शे," नाना म्हणाले. "त्या म्हनतस, चालस."

ज्ञानचंदचे कान तापले. म्हणजे काकासांना ठाऊक होतं!

मुलं बन्सीलालभाऊंना ओढतच दुकानात घेऊन गेली. लाडकुंवरनं फळीवरचा नवा स्टोव्ह काढला, रॉकेल भरलं आणि काकांपुढे ठेवला.

"काकासा, भाऊंना पंप मारून पेटवून दाखवा ना!"

शेठचा हात पुढे गेला आणि परत आला. "आज... आज मुहूर्त नाही."

"स्टोव्हला मुहूर्त?" भाऊ चमकले.

"जर्मन आहे ना, काकासा?" लाडकुंवरनं पंप त्यांच्याकडे वळवला.

शेठ गादीवर मागे सरकले. कौतिकनं फाटक्या टाकीतल्या तानुबाई त्यांच्यापुढे ठेवल्या.

त्यानंतर, मघाशी जे झालंच नव्हतं, ते झालं: शेठनी भर खानावळीत माफी मागितली. विकलेले स्टोव्ह परत आणायला शेठ स्वतः दारोदार फिरले. पुष्पाबाईंची जागा कायम राहिली. "शाबास पोरांनो! नाव काढलंत!" भाऊ म्हणाले.

घरी मात्र काकासा पुतण्या-पुतणीशी एक शब्द बोलले नाहीत. आणि शाबासकीनं हात काही बरा होत नाही. त्या संध्याकाळी आईच्या जागी कौतिकनं भाकरी थापली. ती भाकरी आहे, हे प्रत्येकाला सांगावं लागलं.

तरी मेहेरबान कलेक्टरसाहेबांनी, पुष्पाबाईंचा हात बरा होईपर्यंत, धुळे जिल्ह्यातील सर्व इसमांची भूक तहकूब ठेवण्याचा हुकूम काढावा, ही नम्र विनंती.