डोक्याची बाजू

वॉर्ड नंबर चारमध्ये सकाळी सहाला पहिली चादर उचलली जायची आणि त्याच क्षणी चार कमरपट्टे एकदम बोलायला लागायचे. टिक्. टिक्. टिक्-टिक्. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, घड्याळाचं दुकानच उघडलंय.

मिरजेच्या कृष्णाकाठ रुग्णालयात रुग्णाला उचलणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला असा निळा पट्टा असायचा. चष्म्यासारखा तो अंगवळणी पडला होता. शाळेत कुणी "तुझी आई काय करते?" असं विचारलं, की शलोमी सातपुते ऐटीत सांगायची, "माझी आई पैलवान उचलते."

आणि ते शब्दशः खरं होतं! शलोमीची आई करुणा ही वॉर्ड चारची थोरली आया. पलंग नंबर सहावर मगदूम पैलवान होते, वजन एकशे अठरा किलो. पक्षाघाताने त्यांचं निम्मं अंग लुळं पडलं होतं, तोंड मात्र शाबूत होतं.

"तालमीत मला कुणाच्या बापाला उचलता आलं न्हाई," ते म्हणायचे, "आन् ही बाई दिवसातनं सहा वेळा उचलती!"

"उचलते, पण चितपट करत नाही तेवढं नशीब समजा," करुणा म्हणायची, आणि चादरीचा कोपरा मुठीत धरायची. उजवा, वरचा. डोक्याकडचा.

चार बाया, चादरीचे चार कोपरे. पायाकडची बाजू हलकी. खांदे, छाती, पाठ सगळं डोक्याकडे, म्हणून तिकडे दुप्पट भार. आयांचा एक जुना रिवाज होता, कुठेही न लिहिलेला: डोक्याची बाजू थोरलीची. 'पोरींना अजून लेकरं व्हायचीत' असं म्हणत थोरली स्वतः वर उभी राहायची. करुणा एकोणीस वर्षं तिथेच उभी होती.

शलोमी अकरावीत होती आणि नुकताच तिला स्वतःचा आवाज सापडला होता. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आल्यापासून तर ती कुणालाही काहीही विचारायची. म्हणून एका शनिवारी ती थेट पट्ट्याचा शोध लावणाऱ्या डॉ. इरावती हुदलीकर यांच्या प्रयोगशाळेत जाऊन धडकली.

"बाई, पट्टा नेमकं ऐकतो काय?"

"पापड मोडला की आवाज येतो ना? तसंच काहीतरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. वाकून वजन उचललं की तिला केसाएवढी चीर पडते. चीर पडताना आवाज होतो, पण तो आपल्या कानांच्या पलीकडचा. पट्टा तो ऐकतो. एक चीर, एक टिक्."

"आणि ती चीर भरून नाही येत?"

"फारशी नाही. म्हणून आपण उरलेलं मोजायचं. जन्माला येताना शंभर, मग वजा करत जायचं. त्याला मी पाठशिल्लक म्हणते. ती पाचाच्या खाली गेली, की माणूस आधाराशिवाय उभं राहू शकत नाही."

"माझ्या आईची सात आहे," शलोमी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "तिला म्हणावं, दुसरं काम माग."

"म्हटलं की! ती म्हणते, मग डोक्याला कोण उभं राहील? विमलमावशीची नऊ आहे, बाकी दोघींची आठ-आठ. आमच्या वॉर्डात सगळ्यात वजनदार रुग्ण, म्हणून सगळ्यात जुन्या आया. ज्या पोरींना आईनं सांभाळलं, त्या बदलून केव्हाच दुसऱ्या वॉर्डात गेल्या."

"उपाय तर केव्हाचा आहे. झोळीयंत्र. छताला रूळ, रुळाला झोळी. रुग्णाच्या अंगाखाली झोळी सरकवायची, बटण दाबायचं. एक टिक् होत नाही."

"मग का आणत नाहीत?"

"नऊ लाखांना एक येतं. विश्वस्त म्हणतात, आयांचे हात आहेतच की."

शलोमी खुर्चीतून उठलीच. "बाई, टिकीला किंमत लावू या!"

पुढचे तीन आठवडे तिला ना भूक होती ना झोप. आयांच्या रजा, औषधं, ऑपरेशनं, काम सोडून गेलेल्यांच्या जागी आलेल्यांचं शिक्षण, हात सुटून पडलेले रुग्ण, त्यांची भरपाई. सगळं तिने टिकींनी भागलं. उत्तर आलं सदतीस रुपये! तिने ते वहीत दोनदा अधोरेखित केलं आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत ओरडली, "आई, तू आज सकाळी तेराशे रुपयांची टिकटिक केलीस!"

"मग दे की आणून," आई चपात्या लाटता लाटता म्हणाली. लाटताना ती आता स्टुलावर बसायची.

विश्वस्तांच्या बैठकीत डॉक्टरबाईंनी शलोमीलाच पुढे केलं. अध्यक्ष शिरगुप्पेसाहेब चष्म्यावरून बघत होते. शलोमीने वही उघडली.

"साहेब, झोळीयंत्रं तुम्ही केव्हाच विकत घेतलीत. हप्तेसुद्धा चालू आहेत, आयांच्या पाठीतून. फक्त यंत्रं अजून घरी आलेली नाहीत."

कुणीतरी खुदकन हसलं. मग तिने आकडे मांडले. सोळा महिन्यांत सगळा खर्च वसूल, त्यानंतर निव्वळ बचत. शिरगुप्पेसाहेबांनी स्वतःचं गणकयंत्र काढून गुणाकार केला, पुन्हा केला आणि चष्मा काढला.

"पोरी, हे आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?"

"टिकीचं कुणी ऐकलंच नव्हतं, साहेब."

"मंजूर. यंदा सोळा यंत्रं. वॉर्ड एकोणीस आहेत, तेव्हा ती कुठे लावायची ते तुझ्याच सूत्रानं ठरवू. जिथे बचत सगळ्यात जास्त, तिथे आधी. रोजच्या मोजणीनं यादी आपोआप बदलेल."

"अर्थातच!" शलोमी म्हणाली. टाळ्या वाजल्या. ती घरी पळत गेली नाही, उडत गेली.

दुसऱ्या दिवशी दर्शनी फलकावर यादी लागली. शलोमीने वरून वाचायला सुरुवात केली. वॉर्ड नऊ. वॉर्ड दोन. वॉर्ड चौदा. ती खाली खाली येत राहिली. वॉर्ड चार एकोणिसावा होता.

"चूक झालीय, बाई!" तिने तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. "सगळ्यात जास्त टिक्-टिक् आमच्याकडे आहे!"

"मी तीनदा तपासलं," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सूत्र चुकलेलं नाही. बचत म्हणजे काय, शलोमी? पुढे जे झिजणार होतं आणि आता झिजणार नाही, ते. वॉर्ड नऊमध्ये पंचाण्णवच्या पाठी आहेत, तीस-तीस वर्षं चालणाऱ्या. तिथे वाचवण्यासारखं खूप आहे. तुझ्या आईच्या वॉर्डात... तिथे वाचवायला काही उरलेलंच नाही."

वॉर्ड नऊच्या त्या पाठी कुणाच्या होत्या, ते शलोमीला तोंडपाठ होतं. त्याच पोरी. आईने पायाकडच्या बाजूला उभ्या केलेल्या.

आणि मग एकदम तिच्या डोक्यात दिवा लागला! सूत्र तिचंच होतं. त्याला काय आवडतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

अकरावीच्या मुलांना वर्षाला चाळीस सेवातास भरावे लागायचे. शलोमीने कार्यालयातून रीतसर पास घेतला, कपाटातला एक जादा पट्टा कमरेला आवळला आणि वॉर्ड चारमध्ये शिरली. पट्ट्याने तिचं वय विचारलं, पाठ ऐकली आणि आकडा दाखवला. अठ्ठ्याण्णव.

मगदूम पैलवानांची कूस बदलायची वेळ होती. करुणा नेहमीच्या कोपऱ्याकडे निघाली, तर तिथे लेक उभी.

"सरक."

"नाही."

"शलोमी, डोक्याची बाजू थोरलीची. कळत नाही तुला?"

"आई, फक्त एकदा! माझ्यावर विश्वास ठेव ना गं."

"ए करुणाबाई," पैलवान खालून म्हणाले, "मायलेकींची कुस्ती माझ्या अंगावर नको. कुणीतरी उचला!"

आई काही बोलायच्या आत शलोमीने चादर मुठीत गुंडाळली. "एक, दोन, हाऽऽ!" अंगातून वीज गेल्यासारखं झालं. तिच्या कमरेत काहीतरी कुरकुरलं आणि पट्टा बोलला. टिक्. टिक्. टिक्.

तिने चादर सोडली आणि खिशातला फोन काढला. यादी थरथरली. सोळा वर्षांची पाठ, निवृत्तीपर्यंतची बेचाळीस वर्षं, एकशे अठरा किलो, डोक्याची बाजू. वॉर्ड चार एकोणिसाव्यावरून उडाला तो थेट पहिला!

"आलं! आई, आलं!" तिने विमलमावशीला मिठी मारली, पलंगाभोवती दोन फेऱ्या मारल्या. पैलवानांनी चालत्या हाताने मांडीवर शड्डू ठोकला.

करुणा मात्र तिच्या पट्ट्याकडे बघत होती. आकडा आता सत्त्याण्णव होता.

"कोवळ्या पाठीला चीर मोठी पडते. एकाच उचलीत एक गेला," ती म्हणाली.

"अगं, एकच!"

आठव्या दिवशी वॉर्ड चारच्या छताला रूळ बसला. करुणाने बटण दाबलं आणि मगदूम पैलवान हलकेच हवेत गेले. "आयला!" ते वरून ओरडले. "लगीन झाल्यापास्नं येवढं हलकं वाटलं न्हवतं!" सगळा वॉर्ड हसला. करुणा दोन्ही हात कमरेवर ठेवून ताठ उभी होती, आणि एकही पट्टा बोलत नव्हता. शलोमीला ती शांतता रेकॉर्ड करून ठेवावीशी वाटली.

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. वॉर्ड अकराच्या हसीनामावशी होत्या. वॉर्ड अकरा यादीत सोळावा होता. चार वर चढला आणि तो सतरावा होऊन सोळा यंत्रांच्या बाहेर गेला, हे शलोमीच्या आत्ता, त्यांचा चेहरा बघून लक्षात आलं. त्यांची पाठशिल्लक सहा होती. मागे यादीत त्याहून खाली असलेल्या दोन वॉर्डांच्या थोरल्या आया होत्या. तिघींनीही एकेका मुलीचा हात धरला होता.

"शलोमी बाळा," हसीनामावशी म्हणाल्या, "तू काय केलंस ते कळलं गं आम्हाला. लई हुशार हैस." त्यांनी लेकीला पुढे केलं. "ही मिस्बाह. आठवीत हाय. हिलाबी एक पट्टा बांधून दे. मी हिला डोक्याच्या बाजूला उभी करते."

करुणाने तोंडावर पदर धरला.

मिस्बाहने मात्र आनंदाने दोन्ही हात वर केले. "ताई, घट्ट बांध हं," ती म्हणाली. "माझी तर नव्व्याण्णव असेल!"