दाल मिलमधला ठोका

स्वतःच्याच मिलमध्ये कोणी आपल्याला ‘श्श्’ करावं, असा अपमान वर्षाराणीचा जन्मात कधी झाला नव्हता.

मालेगावहून शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला तिच्या बाबांची, जानरावांची, छोटी दाल मिल आहे. नव्या तुरीचे दिवस होते, म्हणजे डोकं खाजवायला फुरसत नाही. ओढणीनं नाकतोंड बांधलेलं, भुवयांवर सालाची पिवळी भुकटी, हातात पाना, अशा थाटात ती चाळणी साफ करत होती. वर पाहते तर काय, एक पोरगा पोत्यावर गुडघा टेकून मशीनजवळ मोबाइल धरून बसलेला! डोळे मिटलेले, मान हलतेय.

“ओ भाऊ, काय करून राह्यले? मशीनची शूटिंग कायले घेता?”

पोरानं डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं. श्श्!

बाप्पा! वर्षाराणीनं कमरेला हात लावले आणि तो डोळे कधी उघडतो याची वाट पाहत उभी राहिली. मिनिटभरानं त्यानं डोळे उघडले, समोर पाना घेतलेली पोरगी पाहिली आणि बिचारा पोत्यावरून घसरलाच.

“सॉरी... आवाज घेत होतो.”

“कोणाचा?”

“मशीनचा.”

“आन् मी बोलली ते?”

“तेबी आलं त्यात.”

“मंग पुसून टाका.”

“नाई पुसत,” तो म्हणाला आणि हसला.

हसला तो हसला, आणि वर्षाराणीला ते हसणं आवडलं. आवडल्याचा तिला इतका राग आला की त्याच्या आईनं पाठवलेल्या दोन पोत्यांचा नंबर तिनं सगळ्यांच्या शेवटी लावला. त्याला काय, तो संध्याकाळपर्यंत आनंदानं बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. या वेळी तूर नाही, सोबत दोस्त. याचं नाव शिवम, दोस्ताचं हसनैन. दोघांचा बँड होता. तिसरा धम्मरत्न, तो गायचा. तिघं म्हणून बँडचं नाव ‘थ्री फेज’. आणि हसनैनच्या वेल्डिंगच्या दुकानामागं थ्री फेजची लाईन आली तरच यांची तालीम व्हायची, म्हणूनही.

जानरावांनी पानाची पिचकारी मारून विचारलं, “गाण्यात मशीन वाजवता म्हणता, मंग बाजा कोन वाजवते?”

“मशीनच बाजा, काका,” शिवम म्हणाला. “इंडस्ट्रियल रॉक म्हणते त्याले. लोखंडाचा, मोटरचा आवाज गिटारीत मिसळायचा. एक सिनेमा येऊन राह्यला, बंद पडलेल्या कारखान्याचा. शेवटी कारखाना पुन्हा सुरू होते, तिथं आमचं गाणं. दिग्दर्शक बाईले तुमच्या मशीनचा मोबाइलवरचा नमुना पाठवला. लय आवडला त्यायले.”

“मंग झालं की काम.”

“नाई ना. त्या नमुन्यात तुमी खोकून राह्यले, गिऱ्हाईक भांडून राह्यलं. शुक्रवारी चांगले माइक आणतो. सोमवारच्या आत गाणं द्यायचं हाय.”

जानराव पोट धरून हसले. “घ्या बाप्पा, घ्या. आवाजाचं काय, तो तर फुकटच चालला रोज!”

मग शिवम रोजच यायला लागला. कधी मशीनचा वेग मोजायचा म्हणून, कधी आवाज कुठून जास्त येतो ते पाहायचं म्हणून, आणि दोन-तीनदा तर कारण सांगायचंच विसरून. गुळाचा चहा पोत्यांवर बसून व्हायचा. वर्षाराणी ओढणी तोंडावरून खाली करायची ती एवढ्या चहापुरतीच, आणि नेमकं तेव्हाच शिवमला हेडफोनच्या वायरीत काहीतरी बिघाड सापडायचा. पोरगा लाजरा होता. खोटं कशाला बोला, तीही काही कमी नव्हती. तो पुली पाहायला वाकला की ही त्याच्या मानेवरचे केस पाहायची.

एकदा त्यानं हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. मशीनची घरघर आत शिरली, आणि तिच्यामागं धम्मरत्नचा खर्जातला आवाज हळूहळू वर चढत आला. तीन वर्षं रोज ऐकलेली मशीन! तिच्या अंगावर काटा आला.

“कसं वाटलं?”

“मशीनची तब्येत बरी नाई,” ती म्हणाली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दुसरं काही सुचेना.

तब्येतीचं तिला कळायचंच. आयटीआय करून आली तेव्हापासून मिलची डॉक्टर तीच. नुसत्या आवाजावरून ती बेअरिंग सुकलंय की चाळणी ढिली झालीय ते सांगायची.

बुधवारी चहा पिता पिता शिवम म्हणाला, “हे गाणं नाई जमलं तर मंगळवारी मी चाकणले चाललो. चुलतभावानं कंपनीत काम पाहून ठेवलं. खोलीबी. घरच्यायले शब्द दिला मी... ह्या गाण्यापर्यंतच थांबतो म्हणून.”

“जमन ना,” ती म्हणाली. “काहून नाई जमन?”

चहा मात्र तिला कडू लागला. रात्री अंथरुणावर तिला एकच विचार, शुक्रवारी आपली मशीन नापास व्हायला नको. बाहेरची माणसं ऐकणार, मोठ्या पडद्यावर वाजणार... आणि पट्टा तर जुना! त्याच्या जोडावरची पत्र्याची क्लिप उघडली होती, दर फेऱ्याला पुलीवर आपटून ‘टक्’ करायची. पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस घर सारवतो की नाही? गुरुवारी तिनं दुपारचं जेवण सोडून नवा पट्टा चढवला, बेअरिंगला ग्रीस भरलं, एकेक नट आवळला. मशीन अशी गुळगुळीत चालायला लागली की जानरावांनी बाहेर येऊन विचारलं, “बंद पडली का वं?”

जुन्या पट्ट्याचे तुकडे करून तिनं बैलगाडीवाल्यांना वाटूनही टाकले.

शुक्रवारी माइक आले, वायरी अंथरल्या गेल्या. तिनं मोठ्या दिमाखात बटण दाबलं. शिवमनं हेडफोन लावले आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“ते... टक् कुठं गेलं?”

“दुरुस्त केलं!” ती म्हणाली. “तुमच्यासाठी.”

हसनैननं कपाळावर हात मारला. “अरे यार! सगळं गाणं त्याच टक् वर उभं हाय. बाईंले तेच तर आवडलं होतं!”

वर्षाराणीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण पान्यासकट आत जावं. ज्याच्यासाठी जीव ओतून केलं, त्याचंच काम आपल्या हातानं बिघडवलं.

शिवमनं मशीन बंद केली. रागवेल म्हणून ती वाट पाहत होती. तो नुसता तिच्या ग्रीस लागलेल्या बोटांकडे पाहत राहिला.

“माह्यासाठी जेवल्या नाई तुमी?”

“कोणं सांगतलं?”

“काकांनी.”

“रागवा ना,” ती म्हणाली. “एवढं वाटोळं केलं मी, अन् तुमी जेवणाचं इचारून राह्यले!”

“राग येऊनच नाई राह्यला. काय करू?”

बस्स. एवढं ऐकलं आणि तिचं डोकं चालायला लागलं. तिनं डोळे पुसले, पाना उचलला आणि म्हणाली, “मशीन सुरू करा. टक् म्या पुसलं ना? मीच वाजवते. तीन वर्षांपासून माह्या कानात हाय ते.”

पट्ट्यावर लोखंडी जाळी होती. तिनं डोळे मिटून पट्ट्याचा फेरा ऐकला, एक, दोन, तीन... आणि जाळीच्या कडेवर पाना मारला. टक्! पुढचा फेरा, टक्! हसनैननं तोंडात बोट घातलं. “अबे शिवम, हे तं जुन्यापेक्षा भारी हाय!”

गाण्याएवढी चार मिनिटं ती वाजवत राहिली. भुकटी उडत होती, खांदा भरून आला होता, शिवम कॉम्प्युटरवर मान घालून बसला होता. शेवटच्या कडव्यात एक ठोका जरासा लवकर पडला. कोणाच्या लक्षात आलं नाही. निदान तिला तसं वाटलं.

शनिवारी दुपारी दिग्दर्शक बाईंचा फोन आला तेव्हा शिवम मिलमध्येच होता. त्यानं स्पीकर लावला.

“गाणं घेतलं रे! फार सुंदर झालंय. फक्त शेवटच्या कडव्यात एक ठोका घाईनं पडलाय, तेवढा सरळ करून पाठव.”

वर्षाराणीला नाचावंसं वाटलं. आणि ह्या गड्यानं काय म्हणावं?

“मॅडम, तो नाई सरळ करत मी.”

बाईंचा सूर बदलला. “दोन मिनिटांचं काम आहे, शिवम. सीन त्याच तालावर कापलाय. तासाभरात कळव, नाहीतर मला दुसरं बघावं लागेल.” फोन बंद.

“बैताड झाले का तुमी?” वर्षाराणी कडाडली. “एका ठोक्यापायी सिनेमा सोडता?”

“पयले सांगा, तिथंच काहून चुकला? बाकी अख्ख्या गाण्यात एकबी नाई चुकला. रात्रभर ऐकलं मी.”

ती जाळीला टेकली. लाईन गेलेली, मिल गप्प, बाहेर एक बकरी डाळीची चुणी खात होती. सांगावं की न सांगावं... चाकणची गाडी तर जणू दारात उभी.

“तुमी वर पाह्यलं,” ती म्हणाली.

“कुठं?”

“माह्याकडं. चार मिनिटं त्या डब्यात डोकं घालून बसले होते, अन् तिथं वर पाह्यलं. मंग हात काय माह्या ताब्यात राह्यते?”

शिवमचे कान लाल झाले. पण नजर या वेळी वायरीकडे गेली नाही.

“मले तसंच वाटलं होतं,” तो हळूच म्हणाला. “म्हणूनच तं पुसवत नाई. लय... लय आवडता तुमी मले. पयल्या दिवसापासून. तो ठोका माहा हाय, तो मी सिनेमाले नाई देत.”

आता कोणतीही पोरगी इथं विरघळली असती. वर्षाराणीही विरघळली, पण मिलवालीच ती.

“सरळ करा,” ती म्हणाली. “लोकायचं काम चोख गेलं पाह्यजे. अन् चुकलेल्या ठोक्याचं कायले एवढं? तुमी इथं राह्यले, वर पाह्यलं, तर मी रोज चुकीन.”

“रोज?”

“रोज. लाईन नसन तो दिवस सोडून.”

“अन् त्या दिवशी?”

“त्या दिवशी बाबांशी बोला. मशीनच्या आवाजात त्यायले आयकू येत नाई.”

शिवम हसला. मांडीवर कॉम्प्युटर घेऊन त्यानं तिच्यासमोर तो ठोका सरळ केला, गाणं बाईंना पाठवलं आणि लगेच चाकणला फोन लावला.

“दादा, ती खोली दुसऱ्या कोणाले दे बावा,” तो म्हणाला. “नाई, नाई, तब्येत बरी हाय. मी थांबून राह्यलो इथंच.”