आरशातला संप

खंडेनवमीला इचलकरंजीत माग चालत नाहीत. त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो. कारखान्यातल्या नेटवर्कच्या स्विचच्या कपाटालाही माळ होती. ती मृणाल चौगुलेनं घातली होती, कारण कारखान्याचं नेटवर्क तिच्या हाती होतं.

गेल्या हिवाळ्यात तिनंच त्या स्विचवर 'आरसा' बसवला होता. प्रत्येक मागाची आणि ऑफिसातल्या प्रत्येक टेबलाची तार स्विचच्या एकेका पोर्टला येई. तिथून जे जाई त्याची हुबेहूब नक्कल आरसा आणखी एका पोर्टवर धाडी, आणि तिथे 'चाहूल' ऐकत बसलेली असे. बोटं मागाच्या पडद्यावर कुठे थबकतात, कुठे घाई करतात, एवढ्यावरून ही यंत्रणा माणसाच्या मनातलं ओळखे. कामगार आजारी पडण्याआधी कळावं म्हणून ती आणलीय, असं मृणालला सांगितलं होतं. तिनं ते खरं मानलं, याचा तिला आता संताप येत होता.

व्यवस्थापक बिराजदार हातातल्या पेढ्यासकट तिच्या टेबलाशी आले. "चाहूल म्हणते, संप सुरू झालाय. माग एकामागोमाग बंद पडले. पुढारी शेवंता मगदूम."

"साहेब, काकींचा माग सगळ्यात जुना. पूजा आधी त्याची, म्हणून तो आधी बंद झाला. नारळ तर तुम्हीच फोडलात की."

"मला कळतंय गं. पण चाहूलनं नवमी कधी बघितलीय? अहवाल वर गेला, आणि वरचे तिच्यापुढे नंदीबैलासारखी मान डोलावतात. शेवंताबाईंचं पोर्ट बंद कर."

पोर्ट बंद म्हणजे नवमीनंतरही माग बंद. शिवाय चाहूलचा शेरा एकदा बसला की गावातला दुसरा कुठलाही कारखाना त्या माणसाला दारात उभं करत नसे.

शेवंताकाकी प्रसाद घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मला संप करायचा असता तर असा गुपचूप केला असता व्हय, साहेब?" त्या म्हणाल्या. "बोंबलून केला असता."

बिराजदारांनी हातातला पेढा टेबलावर ठेवला. ते वाईट नव्हते, पण घाबरट होते, आणि अशा माणसांच्या हातूनच सगळ्यात जास्त वाईट होतं.

मृणालनं कीबोर्ड पुढे ओढला. "काकींचं पोर्ट चालूच राहील. मी आरसा काढतेय, सगळ्यांच्याच पोर्टांवरचा. मी बसवला, मीच काढणार."

पण तिच्या टेबलाची तारही त्याच आरशात होती. ती आज्ञा टाइप करत असतानाच बिराजदारांच्या फोनवर वरून निरोप आला. वाचून ते खुर्चीत बसले.

"पुढारी मृणाल चौगुले," ते हळूच म्हणाले. "पोर्ट ताबडतोब बंद करावं."

या वेळी चाहूल चुकली नव्हती, आणि मृणालला त्याचा चक्क आनंद झाला. तिनं शेवटची कळ दाबली. स्विचवरचा चाहूलच्या पोर्टचा दिवा विझला.

"बरोबर ओळखलं तिनं," ती म्हणाली. "पण साहेब, इथे पोर्ट बंद करायचं काम माझं आहे. आता हा हुकूम तुम्ही कुणाला देणार?"