नॉनस्टिक सोडून काय बी

"नॉनस्टिक सोडून काय बी दाखवा," असं म्हणत तो दुकानात शिरला आणि निशिगंधाचं डोकंच फिरलं. नेमका त्याच आठवड्यात नॉनस्टिकचा नवा माल आला होता. वडील जेवायला घरी गेले होते, आणि ते यायच्या आत एक तरी तवा खपवून दाखवायचाच, असं तिने ठरवलं होतं.

"का वो पावणं? नॉनस्टिकनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"घोडं न्हाय. पाखरू मरंल."

त्याने फोन पुढे केला. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली... कॉकाटील जातीचा पोपट. नाव, सरकार!

"ते भांडं रिकामं तापलं की त्यातनं वाफ सुटती. आपल्याला कळत बी न्हाय. पण ह्यांची फुप्फुसं लई नाजूक. घटकाभरात खेळ खलास."

"आता गं बया! आणि काय काय चालत न्हाय सरकारास्नी?"

"अगरबत्ती, मच्छरची कॉइल, सेंटचा फवारा..."

"म्हंजे बायकोनं सेंट मारला की बायको घराभाईर?"

"बायको... न्हाय अजून," तो म्हणाला, आणि त्याचे कान लालभडक झाले.

लोखंडी कढई घेऊन गेला. आठ दिवसांनी उलथनं न्यायला आला, मग चिमटा, मग झारा, मग आणखी एक झारा. एका घराला इतके झारे लागत नाहीत, हे भांडीवाल्याच्या पोरीला कळणार नाही होय? पण तीही लबाड. प्रत्येक झारा दहा दहा मिनिटं पुसून द्यायची.

ऋतुराज त्याचं नाव. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, पहिली पाळी. चार वाजता सुटला की गाडी सरळ दुकानासमोर. एके दिवशी तो काउंटरवर वाकून थांबला आणि म्हणाला, "आज वास न्हाय कसला?"

"सेंट सोडला मी."

"का?"

"सरकारास्नी भेटायला यायचंय मला," ती म्हणाली, आणि या वेळी कान तिचे तापले.

सरकार खरा त्याच्या आईचा. तिला घरात आक्काच म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी ऋतुराजचे वडील गेले, घर खायला उठलं, तेव्हा त्याने हा पोपट आणला. सकाळी आक्का उठली की तो शीळ घालायचा, ती भाकरी थापायला बसली की खांद्यावर चढायचा. त्याच्यापायी आक्काने अगरबत्ती सोडली, कॉइल सोडली. फक्त गुरुवारचा ऊद काही सुटेना. देवघराचं दार लावून घ्यायची आणि चिमूटभर ऊद घालायची. त्यावरून दर गुरुवारी मायलेकांची जुंपायची.

निशिगंधा आक्काला पहिल्याच भेटीत आवडली. "चटणी करायची हाय बेस्तरवारी, ये की हाताखाली," असं थेट गुरुवारचं निमंत्रण! म्हणजे अर्धं लग्न ठरल्यासारखंच.

मोकळ्या हातानं कसं जायचं? दुकानात दगडी रंगाची, ठिपक्याठिपक्यांची नवी कढई आली होती. माल टाकायला आलेला माणूस म्हणाला होता, "ताई, ह्यात तसलं काय न्हाय, ग्रॅनाइट हाय." तिने विश्वास ठेवला. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात सगळं छापलं होतं. दिवसाला दहा खोकी विकणाऱ्या मुलीने तेवढं एक वाचलं नाही.

मिरच्यांचा ठसका सरकारला लागू नये म्हणून आक्काने चूल गच्चीवर मांडली होती. खोबरं तेवढं खाली भाजायचं होतं. आक्काला मागाहून दाखवू म्हणून निशिगंधाने नवी कढई परस्पर गॅसवर ठेवली, आच मोठी केली... आणि जिन्यातून ऋतुराजची हाक आली.

"निशी, जरा वर ये की."

ती दोन पायऱ्या चढली. तो चार उतरला. तिच्या केसात अडकलेलं मिरचीचं बी त्याने अलगद काढलं आणि बोटांत धरूनच उभा राहिला.

"आक्काला इचारू? आपलं..."

"आपलं काय?"

"तुला कळतंय की."

"न्हाय कळत. नीट सांग."

त्याने नीट सांगितलं. अडखळत, हसत, दोनदा पहिल्यापासून सुरुवात करत सांगितलं. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात गोड पाव तास होता. आणि त्याच पाव तासात खाली रिकामी कढई तापत होती.

ती खाली आली तेव्हा सरकार स्वयंपाकघरातल्या पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. चोच उघडी. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, त्याला ओंजळीत घेतलं. अंग अजून गरम होतं, पण मान एका बाजूला कलंडली होती. तिने खोकं उलटं केलं आणि तळाची ओळ वाचली: आतून नॉनस्टिकचाच लेप.

आणि मग तिने काय केलं? कढई फडक्यात गुंडाळली आणि खोक्यासकट आपल्या पिशवीत टाकली. त्यानंतर हाक मारली.

ऋतुराज धावत आला, मागोमाग गच्चीवरून आक्का. घरात उदाचा वास होता, गुरुवारच होता ना! तो आईकडे वळून ओरडला, "किती येळा सांगितलं तुला!" आक्का मटकन खाली बसली. निशिगंधाने तोंड उघडलं... आणि मिटलं.

बोल की गं बाई, आत्ताच बोल! पण नाही. तिच्या डोळ्यांसमोर तो जिना होता, ते मिरचीचं बी होतं. आत्ता बोललं तर हे सगळं जाईल, एवढंच तिला कळलं.

पंधरा दिवस गेले. ऋतुराज आईशी बोलेना, जेवणसुद्धा बाहेरच करू लागला. आक्काने ऊद सोडला, मग दिवाही सोडला. "माझ्या हातानं गेलं लेकरू," एवढंच म्हणायची. निशिगंधा दिवसाआड यायची, समोर बसायची, आक्काने केलेला चहा प्यायची आणि तशीच परत जायची.

सोळाव्या दिवशी आक्का म्हणाली, "तू लवकर ये बाई ह्या घरात. देवाचं आता तूच बघ. माझ्या हाताला यश न्हाय."

तेव्हा तिला राहवेना. पिशवीत तशीच पडून असलेली कढई काढून तिने आक्कासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. रडत, नाक ओढत, पण एक अक्षर न लपवता.

आक्काने कढई बाजूला सारली. मग तिने निशिगंधाच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकून झालं पोरी. म्हाईत असतं तर केलं असतंस व्हय?"

पण ऋतुराज दारात उभा होता, आणि त्याने सगळं ऐकलं होतं. तो तिला गाडीपर्यंत सोडायला आला.

"कढईचं मी धरत न्हाय," तो हळू म्हणाला. "ते कुणाच्या बी हातनं झालं असतं. पण पंधरा दिवस आक्का रडत हुती. मी तिला बोलत नव्हतो. आणि तू समोर बसलीवतीस."

"व्हय."

"दर खेपेला सांगता आलं असतं तुला."

"व्हय... दर खेपेला सांगणार हुतो मी. तू जाशील म्हणून भ्यालो," ती पुटपुटली.

त्याचे डोळे भरले. त्याने हात पुढे केला, तिच्या खांद्याजवळ नेला, आणि मागे घेतला.

"मी थांबतो," ती म्हणाली. "म्हैना, वरीस... कितीबी."

"नको थांबूस, निशी. मला जमणार न्हाय."

तो आत गेला. दार उघडंच राहिलं होतं. ती किल्ली शोधत होती, तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला.

"आक्का... चुकलं माझं. जेवायला वाढ की."

मग ताट मांडल्याचा आवाज, आणि आक्काचा हुंदका.

निशिगंधाने डोळे पुसले. गाडी तशीच ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली, आणि मगच सुरू केली.